पैज लागली, बेडूक जागचा हललाच नाही, आणि जगाला मार्क ट्वेन मिळाला!

पंचक्रोशीत उडी मारण्यात कुणालाही हार न गेलेला एक बेडूक. त्याच्यावर ४० डॉलरची पैज लागते. समोर उभा असतो नुकताच डबक्यातून पकडून आणलेला एक साधा बेडूक. दोघांनाही मागून ढोसलं जातं. साधा बेडूक टुणकन उडी मारून पुढे जातो. चॅम्पियन मात्र जागचा हलत नाही, नुसते खांदे उडवतो! का? कारण मालकाची पाठ वळल्यावर कुणीतरी त्याच्या पोटात चमच्या-चमच्याने बंदुकीचे छर्रे भरलेले असतात.

आज ही गोष्ट व्हॉट्सॲपवर आली तर लोक हसतील आणि पुढच्या ग्रुपवर ढकलतील. १८६५ सालच्या अमेरिकेतही नेमकं हेच झालं. फक्त फॉरवर्ड करायचं काम तेव्हा वर्तमानपत्रं करायची. आणि या एका लोणकढी थापेने कर्जात बुडालेल्या एका पत्रकाराला देशभर पोचवलं. त्याचं खरं नाव सॅम्युअल क्लेमन्स. जग त्याला ओळखतं मार्क ट्वेन म्हणून.

मजा म्हणजे ही गोष्ट तिथे थांबली नाही. पुढची चाळीस वर्षं ती एकेकाला गंडवत राहिली. त्यात खुद्द मार्क ट्वेनही सुटला नाही!

पावसात अडकलेला पत्रकार

१८६४ चा डिसेंबर. मार्क ट्वेन २९ वर्षांचा होता आणि सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं काही धड चाललेलं नव्हतं. वर्तमानपत्रातली नोकरी सुटली होती. त्यात स्टीव्ह गिलिस नावाच्या मित्राने एका बारमध्ये मारामारी केली. ट्वेनने त्याला ५०० डॉलरचा जामीन दिला आणि मित्र शहर सोडून पसार झाला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. आता जामीनदाराने काय करायचं? तोही निघाला.

आसऱ्याला तो गेला त्याच मित्राच्या भावाकडे, म्हणजे जिम गिलिसच्या झोपडीत. ही झोपडी कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ सोने-पट्ट्यात होती आणि त्या टेकडीचं नाव होतं जॅकस हिल. मराठीत सांगायचं तर गाढवटेकडी!

सोन्याची धामधूम तोवर ओसरली होती. १८४९ च्या आसपास जिथे माणसांची रीघ लागली होती, तिथे आता मोजकेच लोक राहिले होते. हातात काम कमी आणि वेळ भरपूर. मग करायचं काय? शेकोटीसमोर बसून थापा मारायच्या. जिम गिलिस यात उस्ताद होता. आपल्या डिक स्टोकर या जोडीदाराला नायक करून तो भल्या मोठ्या कहाण्या रचायचा आणि त्या शंभर टक्के खऱ्या आहेत असं शपथेवर सांगायचा. बिचारा स्टोकर शेजारी बसून गुमान ऐकायचा.

जानेवारी १८६५ मध्ये ही मंडळी जवळच्या कॅलाव्हेरस काउंटीतल्या एंजल्स कॅम्प या गावी गेली. तिथे पावसाने असं झोडपलं की दिवसच्या दिवस बाहेर पडता येईना. रोज तेच बीन्स आणि कॉफीच्या नावाखाली मिळणारं कळकट पाणी, अशी तक्रार ट्वेनने वहीत करून ठेवली आहे. वेळ घालवायला हॉटेलच्या बारमधली शेगडी तेवढी होती. तिथे बेन कून नावाचा एक माणूस बसायचा. हा पूर्वी नदीतल्या बोटींचा पायलट होता. अतिशय संथ, कंटाळवाणा आणि कधीही न हसणारा. त्याने एक दिवस बेडकाची गोष्ट सांगितली.

इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याने ती विनोद म्हणून सांगितलीच नाही. गावात घडलेला एक गंभीर प्रसंग सांगावा तशी सांगितली, आणि ऐकणारे खाणकामगारही तितक्याच गंभीरपणे ऐकत होते. कुणी हसलं नाही. ट्वेनला त्या बेडकापेक्षा हा सगळा थाटच जास्त भावला. त्याने वहीत दोन-तीन ओळींत टिपून ठेवलं: अमुक एकाचा बेडूक, परक्या माणसाशी ५० डॉलरची पैज, परक्याकडे बेडूक नाही म्हणून हा आणायला गेला, तेवढ्यात त्याने छर्रे भरले. बस्स. जागतिक साहित्यातल्या एका प्रसिद्ध कथेचा कच्चा माल एवढाच.

पैजेचा किडा डोक्यात असलेला जिम स्मायली

ट्वेनने या सांगाड्यावर जे मांस चढवलं ते भन्नाट आहे.

कथेत एक सुशिक्षित, सभ्य गृहस्थ खाणगावात येतो. मित्राने त्याला सांगितलेलं असतं, की तिथे सायमन व्हीलर नावाच्या म्हाताऱ्याला भेट आणि लिओनिदास डब्ल्यू. स्मायली या धर्मोपदेशकाची चौकशी कर. व्हीलर लिओनिदासबद्दल चकार शब्द काढत नाही. तो पाहुण्याला कोपऱ्यात दाबतो, समोर आपली खुर्ची आडवी लावतो आणि जिम स्मायली या भलत्याच माणसाची कथा सुरू करतो.

हा जिम स्मायली म्हणजे अट्टल पैजबाज. घोड्यांची शर्यत असो, कुत्र्यांची झुंज असो, कोंबड्यांची असो, याची पैज तयार. कुंपणावर दोन पाखरं बसली तर आधी कोणतं उडेल यावर पैज. एखादा किडा चालताना दिसला तर तो कुठे चाललाय यावर पैज, आणि त्यासाठी त्याच्या मागे पार मेक्सिकोपर्यंत चालायची तयारी! समोरचा पैज घेत नसेल तर हा म्हणणार, बरं, तू माझी बाजू घे, मी तुझी घेतो. गावच्या धर्मगुरूची बायको आजारी होती. धर्मगुरू सांगत होता, देवाच्या कृपेने आता उतार पडतोय. स्मायलीच्या तोंडून विचार करायच्या आत निघून गेलं, की ती वाचणार नाही यावर माझे अडीच डॉलर!

त्याची जनावरंही अशीच नग होती. त्याची घोडी दमेकरी. लोक तिला पंधरा मिनिटवाली म्हणायचे. ती इतकी मरगळलेली दिसायची की शर्यतीत तिला दोनशे-तीनशे यार्ड पुढून सोडायचे. सगळे तिला ओलांडून जायचे. पण शेवटच्या टप्प्यात ही बया अशी काही अंगात आल्यासारखी करायची, पाय चारी दिशांना फेकत, धूळ उडवत, खोकत आणि शिंकत, की नेमकी मानेइतक्या अंतराने जिंकायची.

दुसरा होता अँड्र्यू जॅक्सन नावाचा कुत्रा. अँड्र्यू जॅक्सन म्हणजे अमेरिकेचे सातवे राष्ट्राध्यक्ष, आणि त्यांचं नाव एका भुरट्या दिसणाऱ्या कुत्र्याला! हा गडी आधी निमूट मार खायचा आणि दुसऱ्या बाजूने भरपूर पैसे लागले की समोरच्या कुत्र्याचा मागचा पाय पकडून जो लटकायचा, तो सोडायचाच नाही. एकदा मात्र समोर असा कुत्रा आला ज्याचे मागचे दोन्ही पाय गोल करवतीत सापडून तुटलेले होते. जॅक्सनने पकडायला तोंड उघडलं आणि पकडायला काहीच नाही! त्याचा असा अपमान झाला की मालकाकडे एक दुःखी नजर टाकून तो लंगडत बाजूला गेला आणि प्राण सोडला. हे सगळं व्हीलर चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगतो.

मग येतो बेडूक. नाव डॅनियल वेबस्टर. वेबस्टर हे त्या काळातले गाजलेले सिनेटर आणि फर्डे वक्ते. म्हणजे नाव वक्त्याचं आणि मालक बेडूक. स्मायलीने या डॅनियलला तीन महिने घरामागे बसवून फक्त उडी शिकवली. ‘माशी, डॅनियल, माशी’ असं म्हणायचा अवकाश, की तो काउंटरवरची माशी मटकावून परत जमिनीवर, आणि वर मागच्या पायाने डोकं खाजवत असा बसायचा जणू यात विशेष ते काय.

एक दिवस गावात परका माणूस आला. पिंजऱ्यात पोपट नाही, कॅनरी नाही, नुसता बेडूक, हे पाहून त्याला नवल वाटलं. त्याने बेडूक हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, इतर बेडकांपेक्षा याच्यात काही वेगळं दिसत नाही बुवा. स्मायलीने लगेच ४० डॉलरची पैज लावली. परका म्हणाला, माझ्याकडे बेडूक असता तर लावली असती. स्मायली म्हणाला, एवढंच ना, माझा पिंजरा धर, मी आणतो. आणि तो चिखल तुडवायला गेला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. लावे पक्षी टिपायला वापरतात ते बारीक छर्रे, चहाचा चमचा आणि हनुवटीपर्यंत भरलेला डॅनियल. पैसे खिशात घालून निघताना परक्याने अंगठ्याने मागे बेडकाकडे खूण केली आणि तेच वाक्य पुन्हा ऐकवलं, की इतर बेडकांपेक्षा याच्यात काही वेगळं दिसत नाही बुवा. स्मायली डोकं खाजवत राहिला. मग त्याने बेडूक उचलला, तर हा चांगला पाच पौंडाचा! उलटा केल्यावर दोन मुठी छर्रे बाहेर आले. स्मायली त्या माणसामागे धावला, पण तो काही सापडला नाही.

चोरावर मोर ही म्हण सुचतेच. पण गोष्टीची खरी गंमत त्यापुढे आहे.

खरा बकरा कोण?

स्मायली फसला हे उघड आहे. पण कोपऱ्यात खुर्ची लावून अडवलेला तो सभ्य पाहुणाही फसलेलाच आहे. लिओनिदास स्मायली नावाचा कुणी धर्मोपदेशक अस्तित्वातच नसावा, मित्राने आपल्याला व्हीलरच्या तावडीत देण्यासाठीच हे नाव रचलं असावं, असा संशय तो सुरुवातीलाच बोलून दाखवतो. म्हणजे बेडकाच्या पोटात छर्रे आणि पाहुण्याच्या कानात घोडी, कुत्रा आणि बेडूक, दोघेही सारखेच गच्च भरलेले!

त्या काळी अमेरिकेच्या पश्चिम भागात हा खेळच होता. पूर्वेकडच्या शहरांतून आलेला शिकलासवरला माणूस खाणकामगारांना अडाणी समजायचा. हे लोक मग भाबडा चेहरा करून त्याला अचाट थापा ऐकवायचे. हसलं की खेळ संपला. व्हीलर खरंच भोळा आहे की पाहुण्याची मजा घेतोय, हे ट्वेन शेवटपर्यंत सांगत नाही. कथा वाचणाऱ्यांमध्ये यावर आजही दोन तट आहेत.

पुढे १८९५ मध्ये ट्वेनने गोष्ट कशी सांगावी यावर एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं, की विनोदी गोष्ट सांगणाऱ्याने यात काही हसण्यासारखं आहे याची आपल्याला कल्पनाही नाही, असं दाखवलं पाहिजे. हा धडा बेन कूनने त्याला तीस वर्षांपूर्वी, नकळत, एका गळक्या हिवाळ्यात दिला होता. ट्वेनला हा विनोद पुस्तकांतून मिळाला असता असं वाटत नाही. त्यासाठी कंटाळवाण्या माणसासमोर अडकून पडणंच गरजेचं होतं.

नको असलेली प्रसिद्धी

फेब्रुवारीच्या शेवटी ट्वेन सॅन फ्रान्सिस्कोला परतला. तिथे त्या काळचा लोकप्रिय विनोदकार आर्टेमस वॉर्ड याचं पत्र आलेलं होतं. माझ्या पुस्तकासाठी एखादा मजकूर पाठव, असं त्यात म्हटलं होतं. ट्वेनने बेडकाची गोष्ट लिहायला घेतली, पण जमेना. दोन वेळा सुरुवात करून सोडून दिली. महिने गेले.

त्या दिवसांत त्याची मनःस्थिती बिकट होती. १९ ऑक्टोबर १८६५ ला भाऊ ओरायन आणि वहिनीला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की मला साहित्याची हाक आली आहे, पण ती खालच्या दर्जाच्या, म्हणजे विनोदी साहित्याची. त्याच पत्रात कर्जाचं रडगाणं आहे, आणि तीन महिन्यांत कर्ज फिटलं नाही तर जीव देईन असंही आहे. लोकांना हसवणारी कथा लिहिणारा माणूस त्या काळात असा जगत होता.

कथा शेवटी वॉर्डलाच लिहिलेल्या पत्राच्या रूपात तयार झाली. न्यूयॉर्कला पोचली तेव्हा उशीर झाला होता, पुस्तक छापून होत आलं होतं. प्रकाशक जॉर्ज कार्लटनने ती ‘सॅटरडे प्रेस’ या साप्ताहिकाच्या संपादकाला देऊन टाकली. हे साप्ताहिक स्वतःच शेवटच्या घटका मोजत होतं, पुढच्याच वर्षी ते बंद पडलं. पण १८ नोव्हेंबर १८६५ च्या अंकात ‘जिम स्मायली अँड हिज जंपिंग फ्रॉग’ छापून आली आणि देशभरातल्या वर्तमानपत्रांनी ती उचलली. भावाला लिहिलेल्या त्या निराश पत्राला बरोबर एक महिना झाला होता.

ट्वेन खूश झाला का? अजिबात नाही! जानेवारी १८६६ मध्ये त्याने आईला लिहिलं, की मी इतकं चांगलं लिहिलं आणि लोक कौतुक करतात ते या गावंढळ गोष्टीचं. त्याच्या मते ती निव्वळ वॉर्डला खूश करायला खरडलेली होती.

१८६७ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं आणि नावातच बेडूक होता. तेही आधी कार्लटनकडे नेलं होतं. त्याने नाकारलं. ट्वेनने पुढे सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे, एकवीस वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये दोघांची गाठ पडली तेव्हा कार्लटनने स्वतःच कबुली दिली, की तुला परत पाठवणारा मी एकोणिसाव्या शतकातला पहिल्या नंबरचा गाढव आहे.

बेडूक गेला फ्रान्सला, मग ग्रीसला

१८७२ मध्ये फ्रान्सच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात कथेचा अनुवाद आला. खाणकामगाराच्या रांगड्या बोलीचं शुद्ध फ्रेंच झालं होतं. ट्वेनने १८७५ मध्ये याचा झकास सूड घेतला. त्याने तो फ्रेंच अनुवाद शब्दाला शब्द ठेवून, फ्रेंच वाक्यरचनेसकट, परत इंग्रजीत आणला आणि तिन्ही पाठ एकत्र छापले. एखादी मराठी म्हण भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून इंग्रजी करायची आणि तिथून परत मराठी करायची, की जे हाती लागतं, तसला तो प्रकार. फक्त ट्वेनने हे दीडशे वर्षांपूर्वी, हाताने केलं.

पण सगळ्यात भारी फसवणूक अजून व्हायची होती.

प्रिन्स्टनचे विद्वान हेन्री व्हॅन डाइक यांनी ट्वेनला सांगितलं, की तुमची बेडकाची गोष्ट तर प्राचीन ग्रीक आहे. पुरावाही दाखवला. एका पाठ्यपुस्तकात एक अथेन्सवासी, एक बोओशियन आणि छर्‍यांऐवजी दगड भरलेला बेडूक होता. बाकी सगळं तेच. ट्वेन थक्क झाला. १८९४ मध्ये त्याने यावर चक्क लेख लिहिला. कॅलिफोर्नियातला प्रसंग खरा घडला होता यावर त्याचा विश्वास होता, त्यामुळे एकच घटना दोन हजार वर्षांच्या अंतराने दोनदा घडली, असा निष्कर्ष त्याने काढला.

खरा प्रकार पुढे इंग्लंडमध्ये उघड झाला. आर्थर सिज्विक नावाच्या प्राध्यापकांनी ग्रीक शिकणाऱ्या मुलांसाठी ते पाठ्यपुस्तक केलं होतं आणि सरावासाठी ट्वेनचीच गोष्ट ग्रीक वेशात घातली होती. मूळ लेखकाचं नाव द्यायचं राहून गेलं होतं. गोष्ट सगळ्यांना ओळखीचीच आहे, तेव्हा नाव कशाला, असा त्यांचा समज! आपलाच बेडूक झगा घालून समोर आला आणि बापानेच ओळखला नाही. १९०३ मध्ये ट्वेनने हे छापील कबूल केलं.

बाकी ही कहाणी ट्वेनच्याही आधीची होती हे खरंच, पण ग्रीसमधली नव्हे. सोने-पट्ट्यातल्याच ‘सोनोरा हेरल्ड’ या वर्तमानपत्रात १८५३ मध्येच तिचं एक रूप छापून गेलं होतं.

आता खरीच स्पर्धा होते

१९२८ पासून एंजल्स कॅम्पला दरवर्षी बेडकांच्या उड्यांची स्पर्धा भरते. गावच्या मुख्य रस्त्याचं पक्कं काम झालं, त्या आनंदात ती सुरू झाली. मे महिन्यात जत्रा असते. बेडकाला तीन उड्या मिळतात आणि सुरुवातीच्या ठिकाणापासून तिसरी उडी जिथे संपते तिथपर्यंतचं सरळ अंतर मोजतात. बेडूक वाकडा गेला की बोंबला! त्याच्या माणसाला ‘जॉकी’ म्हणतात. बेडूक सुटला की त्याला हात लावायचा नाही. ओरडा, पाय आपटा, मागून फुंकर मारा, सगळं चालतं. १९८६ मध्ये ‘रोझी द रिबिटर’ या बेडकीने २१ फूट पावणेसहा इंच गाठले. तो विक्रम पुढे अनेक दशकं कुणाला मोडता आला नाही.

या जत्रेने शास्त्रज्ञांनाही चकवलं. प्रयोगशाळेत बुलफ्रॉग जातीच्या बेडकाची सर्वांत लांब उडी सुमारे १.३ मीटर भरली होती. जत्रेतले आकडे पाहून हे लोक फेकतायत असंच वाटायचं. ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी मग थेट जत्रेतच कॅमेरे लावले आणि ३,१२४ उड्या मोजल्या. मुरलेल्या जॉकींच्या बेडकांपैकी ५८ टक्के उड्या प्रयोगशाळेच्या विक्रमापुढे गेल्या. सर्वांत लांब उडी होती २.२ मीटर! २०१३ मध्ये हे छापून आलं. प्रयोगशाळेतल्या बेडकांना जीव तोडून उडी मारायचं काही कारणच नव्हतं. जत्रेत मागून एक माणूस बोंबलत अंगावर येत असतो.

आता शेवटची गंमत. जत्रेत उडणारा बुलफ्रॉग मुळात कॅलिफोर्नियाचा नाहीच. तिथला मोठा देशी बेडूक म्हणजे लाल पायांचा बेडूक, आणि डॅनियल वेबस्टर त्याच जातीचा असणार असं मानलं जातं. सोन्याच्या धामधुमीत आलेल्या माणसांनी या बेडकाच्या तंगड्यांवर असा ताव मारला की तो दुर्मीळ होत गेला. मग तंगड्यांसाठीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडून बुलफ्रॉग आणला. हा परका देशी बेडकांनाही खातो. १९९६ पासून लाल पायांचा बेडूक अमेरिकेत कायद्याने संरक्षित आहे आणि २०१४ मध्ये त्याला कॅलिफोर्नियाचा राज्य उभयचर केलं गेलं.

उड्यांच्या स्पर्धेसाठी राज्याच्या कायद्यात वेगळी कलमंसुद्धा आहेत. त्यातलं एक सांगतं, की स्पर्धेतला बेडूक मेला तर त्याची लवकरात लवकर विल्हेवाट लावावी. खायला वापरता येणार नाही.